दोन फोन, एक हेडफोन आणि माझा डावा कान

सोलापुरात कितीतरी लोकांच्या कानात माझं नाव जाऊन बसलेलं आहे आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. हे वाक्य मी पुण्याला मुलाला फोनवर वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "आई, लोक भलताच अर्थ काढतील." काढू देत. खरा अर्थ पुढे येतोच आहे.

कन्ना चौकाच्या अलीकडे माझं दुकान आहे. पाटीवर अजून 'सुमन रेडिओ' असंच आहे, पण दुरुस्तीला शेवटचा रेडिओ कधी आला ते मलाही आठवत नाही. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. तेव्हा गिऱ्हाइकं दुकानात डोकावून विचारायची, "मिस्त्री कुठं गेले?" मी हातातली सोल्डरिंग गन वर करून दाखवायचे. आता ते विचारत नाहीत. आता विचारतात, "ताई, ह्याला दोन फोन जोडता येतात का?"

येतात. सगळ्या हेडफोनना नाही, पण हल्ली बऱ्याच बिनतारी हेडफोनना येतात. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. असा हेडफोन म्हणजे दोनच पाट मांडलेली पंगत. ओळखीची माणसं सात-आठ असली तरी एका वेळी जेवायला दोघंच बसणार. तिसरा आला तर कुणीतरी उठायला पाहिजे. जोडायची रीतही साधी आहे. बटण दाबून धरायचं, लाल-निळा दिवा लुकलुकला की पहिला फोन जोडायचा. मग पुन्हा बटण दाबून धरायचं आणि दुसरा जोडायचा. दुसरा बसला की पहिला रुसून उठलेला असतो, म्हणून पहिल्या फोनवर जाऊन हेडफोनच्या नावावर बोट ठेवायचं. मग दोघंही गुण्यागोविंदाने बसतात. लोक हे शेवटचं बोट ठेवत नाहीत आणि हेडफोन बिघडला म्हणून माझ्याकडे येतात. माझ्या संसाराला या विसरलेल्या बोटाने बराच हातभार लावला आहे.

पण दोघं बसले म्हणजे दोघंही एकदम बोलणार असं नाही, आणि इथेच लोकांचा अपेक्षाभंग होतो. एका सरकारी कचेरीतले भाऊसाहेब आले होते. त्यांच्या साहेबांना लॅपटॉपवर मीटिंग घ्यायचा नाद. भाऊसाहेबांनी दार अर्धवट लोटून घेतलं, म्हणजे गोष्ट गुप्त होती हे मी ओळखलं.

"ताई, डाव्या कानात साहेब आणि उजव्या कानात मॅच. असं बसवून द्या की."

"तसं होत नाही, भाऊसाहेब. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही जोडलेले राहतील, पण आवाज एका वेळी एकाचाच येईल."

"मग मॅच चालू असताना साहेबांनी माझं नाव घेतलं तर?"

"तर तुम्हाला कळणार नाही."

त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे कचेरीत आहे तसंच चाललंय की," आणि घेऊन गेले.

दुसरी आठवण नातेपुत्याच्या वहिनींची. त्या नवऱ्याबरोबर सोलापूरला लग्नाच्या बस्त्याला आल्या होत्या. नवरा रिक्षा बघायला गेला तेवढ्यात त्यांनी पिशवीतून नवा हेडफोन काढला. सोबत दोन मोबाइल. एक स्वतःचा, एक नवऱ्याचा.

"ह्याला दोनी जोडा. त्यास्नी फोन आला की मला ऐकू यील न्हवं?"

"येईल. पण का?"

"संशय न्हाय वं. चौकशी," वहिनी म्हणाल्या. "नणंदंचा फोन आला की हे बाहीर अंगणात जाऊन बोलत्यात. काय बोलत्यात ते कळाय नगो?"

मी जोडून दिलं. तेव्हा हसू आवरत नव्हतं म्हणून दिलं, आता लिहिताना वाटतं की द्यायला नको होतं. तीन आठवड्यांनी नवरा एकटाच आला. फोनचा स्पीकर गेलाय म्हणाला.

"फोन येतोय, उचलतोय, पर समोरच्याचा आवाजच न्हाय. दुकानात आनलं की बरूबर चालतोय. घरी गेलं की मुका."

नातेपुत्यातल्या दोन मिस्त्रींनी त्याचा फोन उघडून पाहिला होता. फोनला काहीच झालं नव्हतं. तो घरात फोन उचलायचा तेव्हा स्वयंपाकघरात वहिनींच्या कानाला हेडफोन असायचा आणि नणंदबाई थेट तिथे बोलायच्या. हा बिचारा अंगणात उभा राहून "हॅलो, हॅलो" करायचा. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही. त्याच्या फोनमधून हेडफोनचं नाव पुसलं आणि म्हटलं, "झालं, आता बोला." हा आजार ध्यानात ठेवा. फोन ठणठणीत, कान ठणठणीत, आवाज मात्र भलत्याच्याच कानात. मी तो रोज कुणाचा ना कुणाचा बरा करत असते.

आता माझं नाव लोकांच्या कानात कसं गेलं ते सांगते. दुरुस्त केलेला हेडफोन मी दोन फोनांवर तपासून बघते. एक दुकानाचा जुना फोन आणि एक माझा स्वतःचा. जोडलेल्या प्रत्येक फोनचं नाव हेडफोन लक्षात ठेवतो, माझ्या फोनला माझंच नाव आहे, आणि तपासून झाल्यावर हे सगळं पुसून टाकायचं असतं. पण तसं केलं की गिऱ्हाइकाचा फोनही पुसला जातो आणि ते दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. म्हणून मी पुसतच नसे. त्याचा परिणाम असा, की एखादं जुनं गिऱ्हाईक माझ्या दुकानासमोर उभं राहून हेडफोनचं बटण दाबी, आणि त्याच्याकडे एक पाट रिकामा असला की माझा फोन न बोलावता त्यावर जाऊन बसे. मी काउंटरवर लावलेली भीमगीतं रस्त्यावरच्या माणसाच्या कानात सुरू होत. तो दचकून इकडेतिकडे बघे. मला याची मोठी गंमत वाटायची. आळस होता, पण मी त्याला गंमत म्हणत होते.

नरसय्या माझ्याकडे आले ते दोन वर्षांपूर्वी. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आता काम सोडून कुंभारीला राहतात, पण बस धरून रोज जुन्या पेठेत येतात, चहा पितात आणि परत जातात. त्यांच्या बायकोचा साधा बटणांचा फोन घरी पडून असायचा, तो ते बरोबर घेऊन फिरत. त्यावर लेकीचे फोन यायचे. दुसरा मोठा फोन नातवाने दिलेला. त्यावर ते तेलुगू सिनेमे बघत.

"अक्का, दोन फोन, एक हेडफोन," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "पिच्चर चालू असताना लेकीचा फोन आला तर पिच्चर थांबला पायजे. पन बायकोनं दुसऱ्याच्या फोनवरून केला तर थांबला नाय पायजे. असं होतंय का?"

"नंबर बघून थांबणारा हेडफोन अजून निघाला नाही, मामा."

"मग अजून काय शोधलं ह्यांनी," नरसय्या म्हणाले. तरी माझ्या फोनवर तपासलेला हेडफोन घेतला. आवाज शेवटपर्यंत वाढवून ऐकत. त्यांच्या हेडफोनचा सिनेमा मला काउंटरच्या अलीकडून कळायचा. मागाच्या खडखडाटात उभी हयात गेलेल्या माणसाचे कान असेच असतात. दर आठवड्याला ते काहीतरी निमित्त काढून यायचे. काउंटरसमोर अगदी नीट तोंड करून उभे राहायचे आणि एकेक शब्द ओठ मोठे करून बोलायचे. मला वाटायचं, तेलुगू माणूस आहे, मराठी जपून बोलतोय.

त्याच सुमाराला माझ्याकडे एका प्राध्यापकांचा हेडफोन आला होता. तक्रार बॅटरीची होती. बॅटरी बदलून मी कानाला लावला तर डावी बाजू कमी वाजत होती. ती मी उघडली, आतला स्पीकर बदलला. तरी कमीच. दुसरा स्पीकर घातला. तरी तेच. मग जी गोष्ट सगळ्यात आधी करायची असते ती मी सगळ्यात शेवटी केली. हेडफोन उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. हेडफोनमध्ये खराबी असती तर ती हेडफोनबरोबर उजवीकडे गेली असती. ती गेली नाही. ती डावीकडेच राहिली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्या दिवशी दुसरं काम केलं नाही. उजव्या हातात नेहमी स्क्रू ड्रायव्हर नाहीतर गन, म्हणून तपासायची वस्तू नेहमी डाव्या हाताने डाव्या कानाला. किती वर्षं किती लोकांचे कर्णे, रेडिओ, टेप, हेडफोन मी त्या एका कानाजवळ किंचाळायला लावले होते. प्राध्यापकांचा चांगला स्पीकर अजून माझ्या खणात आहे. तो दिसला की मला आजही लाज वाटते.

मी कुणाला सांगितलं नाही. मुलगा आधीच म्हणत होता, "आई, बंद कर आता दुकान, ये इकडे." त्याला हे कळलं असतं तर तो गाडी घेऊनच आला असता. आणि ऐकू न येणाऱ्या बाईकडे हेडफोन कोण दुरुस्तीला टाकणार? डोळे अधू झालेल्या शिंप्याकडे कोण कापड देतं? हे टेबल गेलं तर मला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं. म्हणून मी लपवायला लागले. त्यात माझ्या आईची पुण्याई कामाला आली. आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. तिथे माग सुरू झाले की शेजारच्या माणसाचा आवाजही ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाज काढतच नाहीत. ओठ हलवतात आणि हाताने खुणा करतात. आई घरीसुद्धा आम्हाला तसंच रागवायची. पाहुण्यांसमोर तोंडातून शब्द न काढता ती मला संपूर्ण झापू शकत असे. ओठ वाचायला मी लहानपणीच शिकले होते. आता गिऱ्हाइकांच्या ओठांकडे बघून मी काम चालवू लागले. माझ्या मते कुणाला पत्ताही लागला नव्हता.

एकदा मात्र धीर करून, बाजारात जाते असं शेजारी सांगून, कानाच्या डॉक्टरांकडे गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. त्यांनी रिपोर्ट बघितला की उद्या फोन करते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यातले एक आपले भाऊसाहेबच. तेवढ्यात नरसय्या, त्या दिवशी मोठा फोन घरीच चार्जिंगला ठेवून, पायरी चढून आले, हेडफोन कानावर चढवला आणि बटण दाबलं. त्याच वेळी काउंटरवर माझा फोन थरथरला. दवाखान्याचा नंबर. मी तो उचलून उजव्या, चांगल्या कानाला लावला.

काही नाही. "हॅलो," मी म्हटलं. काही नाही. डाव्या कानाला लावून पाहिला, पुन्हा उजव्याला लावला. पडद्यावर वेळेचे आकडे पुढे जात होते, म्हणजे पलीकडे कुणीतरी होतं. माझ्या कानात मात्र शुकशुकाट.

पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती, पण मी या धंद्यातली शहाणी. आवाजाला उंच-खोल पट्ट्या असतात, एक जाते आणि दुसरी राहते, हे मला ठाऊक. उजव्या कानातली माणसाच्या आवाजाची पट्टी आत्ता, या क्षणी गेली, असा निकाल मी उभ्या उभ्या देऊन टाकला. मुलाला काय सांगायचं, पाटी कुणाकडून उतरवून घ्यायची, इथपर्यंत मनात येऊन गेलं.

समोर नरसय्या मोठ्याने बोलत होते. "व्हय, बोला... हितंच हायत... मी? मी गिऱ्हाईक... सांगा तुमी, सांगतो मी त्यास्नी." मला वाटलं, लेकीशी बोलतायत. माझा जीव चाललाय आणि ह्यांचं गिऱ्हाईक-बिऱ्हाईक काय चाललंय म्हणून रागही आला. नातेपुत्याच्या अंगणातला तो नवरा मला आठवायला हवा होता. अजिबात आठवला नाही.

नरसय्यांनी "बरं, बरं" म्हणून बटण दाबलं. माझ्या हातातला फोन बंद झाला. मी फोनकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि मग ट्यूब पेटली. दवाखान्याच्या बाई सगळा वेळ नरसय्यांच्या कानात बोलत होत्या. आनंदाने मी मटकन स्टुलावर बसले, आणि लगेच दुसरी भीती उभी राहिली. ह्या माणसाला आता सगळं कळलं होतं. शेजारी भाऊसाहेब उभे होते, ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि नरसय्यांचा आवाज म्हणजे चौकापर्यंत जाणारा.

नरसय्यांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. नुसते ओठ हलले. रिपोर्ट आला. मग त्यांनी डाव्या कानाला बोट लावलं आणि तळहात आडवा धरून मधोमध कापल्यासारखं केलं. निम्मा गेलाय. उजव्या कानाला हात लावून अंगठा आणि तर्जनी जुळवली. मागावर कापड निर्दोष उतरलं की आई करायची तीच खूण. मग पुन्हा ओठ. मशीन लावायचं. काम सोडायची गरज नाय. मंगळवारी बोलावलंय.

एकही शब्द हवेत न जाता मला माझा अख्खा रिपोर्ट कळला. भाऊसाहेब काउंटरवर कव्हरं चाळत होते.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला आजच कळलं ना?"

"नाय," नरसय्या म्हणाले. "लई दिवस झालं. तू गिऱ्हाइकाच्या डोळ्याकडं बघत नायस, ओठाकडं बघतीस. मागावरचा मानूस हे लगेच वळखतो, अक्का."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "मागाजवळ कोन कुनाला असं म्हनतंय का, तुला ऐकू येत नाय? तितं कुनालाच येत नाय. आपन फकस्त ओठ जरा मोठं हलवायचं."

म्हणजे इतके दिवस ते मराठी जपून बोलत नव्हते. मला जपत होते. मला रडू आलं, ते लपवण्यासाठी मी त्यांचा हेडफोन हातात घेतला आणि विनाकारण त्याचा स्क्रू घट्ट केला.

आता माझ्या डाव्या कानात मशीन आहे. केस मागे बांधून मी ते उघडं ठेवते. मुलगा आला, बघून गेला, दुकान चालूच आहे. हल्ली मी प्रत्येक वस्तू दोन्ही कानांना तपासते, आणि आधी उलटी घालून बघते. भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी मशीनकडे टक लावून विचारलं, "ताई, ह्याला दोन फोन जोडता येतात का?" एवढंच. मी इतके दिवस ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. मी म्हटलं, "येतात, पण मॅच आणि साहेब एकदम नाही."

लोकांच्या कानातून माझं नाव काढायचं कामही सुरू केलंय. जो हेडफोन परत दुकानात येतो त्याची पाटी आधी कोरी करते, मग गिऱ्हाइकाचे फोन पुन्हा जोडून देते. शेवटचं बोटसुद्धा मीच ठेवते. माझ्या फोनमधली भलीमोठी यादी एका सकाळी बसून पुसली. फक्त एक हेडफोन ठेवला आहे.

त्यामुळे अजूनही कधी कधी चहाच्या वेळेला काउंटरवर लावलेलं गाणं मध्येच बंद पडतं. मी वर बघते. पायरीखाली नरसय्या मोठा फोन बंद करून, बटणावर बोट ठेवून उभे असतात, माझं गाणं त्यांच्या कानात. ते आवाज न काढता ओठ मोठे करून विचारतात, "ऐकू येतंय का?"

मीही ओठांनीच सांगते, "येतंय की."